मायना आणि मजकूर

जुन्या दफ्तरातील एखादे पत्र हाती घेऊन केवळ मायना वाचणाऱ्याने पत्र वाचले असे कोणी म्हणणार नाही, कारण मायन्यात अधिकाराचा दर्जा असतो आणि लिहिणाऱ्याचे मन मजकुरात. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील इमारतींविषयीचे आपले बहुतेक विवेचन मात्र मायन्यापाशीच थांबले आहे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत कोटाचा तट पाडला गेला, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात लोटला, आणि 1865 साली तो डोलारा कोसळल्यानंतरही मोकळ्या झालेल्या मैदानाच्या कडेने सचिवालय, विद्यापीठ, हायकोर्ट अशा गॉथिक वास्तूंची रांग उभी राहिली. विद्यापीठाच्या इमारतींचे नकाशे सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून काढले. त्यांनी मुंबईत कधी पाऊलही ठेवले नाही. प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे दिलेल्या देणगीतून 1878 साली पूर्ण झालेला, 280 फूट उंचीचा राजाबाई मनोरा त्याच नकाशांतला. परंतु त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या ज्या आकृती आहेत, त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या येथल्याच अभियंत्याने घडविले, आणि त्या पोरबंदरी दगडात कोरल्या गेल्या त्या याच जागेवर. गॉथिक देवालयात जेथे ख्रिस्ती संतांनी उभे राहावे, तेथे आपल्या पागोट्यांची आणि नेसणीची माणसे उभी राहिली, ही घटना मला मनोऱ्याच्या उंचीहून मोठी वाटते.

बोरीबंदरच्या स्थानकाची हकीकत याहून बोलकी आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार 1878 साली काम सुरू झाले, ते दहा वर्षे चालले, सोळा लाखांवर रुपये खर्ची पडले, आणि 1887 च्या ज्युबिलीत त्याला राणीचे नाव मिळाले. घुमटावरील प्रगतीची मूर्ती टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची, तो मायनाच. मात्र बांधकामावर सहायक अभियंते होते सीताराम खंडेराव वैद्य, आणि खालच्या अलंकरणाचा मोठा भाग सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध केला. हेच ग्रिफिथ्स 1872 पासून 1885 पर्यंत, मधल्या खंडांसह, याच शाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या लेण्यांत भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करीत होते. ज्या शाळेत एकीकडे अजिंठ्याची रेषा हातात मुरत होती, त्याच शाळेत दुसरीकडे रेल्वेच्या स्तंभशीर्षांवरची पाने, पक्षी आणि प्राणी आकार घेत होते. या सान्निध्यातून अमुक मोर अमुक लेण्यातून आला असे सिद्ध करण्याचा माझा हेतू नाही, परंतु निरीक्षणाची जी सवय भिंतीसमोर दिवसचे दिवस बसून लागते ती दगडापाशी आल्यावर सुटत नाही, एवढे कोणताही चित्रकार मान्य करील.

या इमारतींना परकीय अनुकरण म्हणून बाजूस सारणारे लोक आराखड्याविषयी खरे बोलतात. टोकदार कमानी आणि रंगीत काचा येथल्या नव्हेत, आणि त्यांमागची सत्ताही येथली नव्हती. तो इतिहास झाकण्याचे कारण नाही. तथापि आराखडा करणाऱ्याला वास्तूचे संपूर्ण स्वामित्व बहाल करताना आपण आपल्याच पाथरवटांना बेदखल करतो, आणि तेही ज्या दगडावर त्यांची टाकी आजही दिसते त्या दगडासमोर उभे राहून. सकाळची तिरपी उन्हे वेलपत्तीवर आली म्हणजे पानाची एकेक शीर वेगळी होते, दोन शेजारच्या पानांचे वळण सारखे नसल्याचे ध्यानात येते, आणि लोकल पकडण्यासाठी धावणारी माणसे त्या पानांखालून आत जात असतात.