गर्दी चुकवून दर्शन

भाद्रपदी चतुर्थीच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर पेण ते वडखळ वाहनांची जी रीघ लागते, ती टाळून चाकांवरचे बिऱ्हाड नाताळच्या सुट्ट्यांपूर्वी, मार्गशीर्षात, रोह्यावरून कुंडलिकेच्या काठाकाठाने रेवदंड्याच्या किनाऱ्याकडे नेणारा गृहस्थ व्यवहारात शहाणा ठरतो, याविषयी तक्रार नाही. परंतु हाच हिशेब देवालाही लावावा काय? पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यात अवेळी शिरलेल्याला फळ्यांवर ओळीने मांडलेल्या, रंग न चढलेल्या पांढऱ्या मूर्ती निवांत पाहता येतात; डोळ्यांची आखणी मागाहून व्हायची असते, आणि प्राणप्रतिष्ठा तर त्याहून पुढे, कुणाच्या तरी घरी, माणसांच्या गलक्यात. तोवर ती कलाकुसर, देव नव्हे. एकान्त ध्यानाला पोषक खरा, (आणि वाहनतळालाही!) तथापि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पोलिसांची सशस्त्र मानवंदना स्वीकारून रोह्याचे धावीर महाराज पालखीतून ग्रामप्रदक्षिणेस निघतात, तेव्हा दैवतच आपण होऊन गर्दीत उतरलेले असते, आणि गर्दी वगळून त्याचे दर्शन मागणे म्हणजे उत्सवमूर्तीवाचून उत्सव मागणे होय. किनाऱ्यासाठी मार्गशीर्ष खुशाल निवडावा. धावीर महाराजांसाठी मात्र रजेचा अर्ज दसऱ्याचाच करावा.