शंकासमाधान : बिऱ्हाड बांधून झाल्यावरची प्रार्थना

प्रश्न : माझ्या मुलाला कुवेतमध्ये ड्रायव्हरची नोकरी लागते आहे. एजंट सव्वा लाख मागतो, त्यासाठी सोनं मोडावं लागेल. आम्ही घरच्यांनी उपास-प्रार्थना करून दोन चिठ्ठ्या टाकल्या. ‘जा’ अशी निघाली. माझं मन मानेना म्हणून पुन्हा टाकल्या, तर ‘जाऊ नको’ निघाली. मग सूनबाईंनी डोळे मिटून शास्त्र उघडलं आणि बोट ठेवलं. ते उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायावर पडलं, परमेश्वर अब्रामाला देश सोडायला सांगतो तिथं. यातलं प्रभूचं उत्तर कोणतं मानायचं?

उत्तर : सूनबाईंचं बोट आणखी चार ओळी खाली घसरलं असतं तर? त्याच अध्यायात पुढं अब्राम दुष्काळामुळं मिसरात जातो आणि जिवाच्या भीतीनं बायकोला बहीण म्हणून सांगतो. मग ‘परदेशात जाल तर फजिती होईल’ असा अर्थ लावून तुम्ही सोनं परत डब्यात ठेवलं असतंत.

चिठ्ठ्यांना शास्त्रात आधार आहे, हे खरं. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली. पण प्रेषितांची कृत्ये, पहिला अध्याय, जरा सावकाश वाचा. योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो बरोबर राहिला असेल, असाच माणूस हवा, हे प्रेषितांनी आधी ठरवलं. त्या कसोटीला उतरलेली दोन माणसं उभी केली. दोघंही सारखेच लायक, तेव्हा शेवटची निवड चिठ्ठीवर सोपवली. त्यानंतर दुसऱ्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि पुढं संपूर्ण नव्या करारात मंडळीनं कोणताही निर्णय चिठ्ठी टाकून घेतल्याची नोंद नाही. देवाकडं खूण मागायला गिदोनानं पसरलेल्या लोकरीचंही तसंच. काय करायचं ते त्याला आधीच सांगितलेलं होतं. लोकर त्याच्या धास्तीपायी पसरली गेली, आणि दुसऱ्यांदा मागताना तर तो स्वतःच म्हणतो की रागावू नकोस.

डोळे मिटून शास्त्र उघडणारे संत ऑगस्टीनचा दाखला देतात. सन ३८६ मध्ये मिलानच्या बागेत त्यानं पौलाची पत्रं उघडली, समोर रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय आला आणि त्याचं आयुष्य पालटलं. पण हाच ऑगस्टीन पुढं बिशप झाल्यावर एका पत्रात लिहितो की, शुभवर्तमानाची पानं उघडून व्यवहाराचे कौल घेणं आपल्याला पसंत नाही. भुताखेतांना विचारण्यापेक्षा ते बरं, इतकीच सवलत तो देतो.

इग्नेशियस लोयोलाची गोष्ट तर याहून मासलेवाईक आहे. १५२२ साली मोन्सेरातच्या वाटेवर एका मुसलमान वाटसरूशी त्याचा पवित्र मरियेवरून वाद झाला. तो माणूस पुढं निघून गेला. त्याला गाठून सुरा खुपसावा की सोडून द्यावं, हे इग्नेशियसला ठरवता येईना. शेवटी त्यानं खेचराचा लगाम सैल सोडला. गावाच्या वाटेनं वळलं तर मारायचं, हमरस्त्यानं गेलं तर सोडायचं. गावाची वाट रुंद होती, सोपी होती, तरी खेचर हमरस्त्यानं गेलं. एक जीव वाचला, आणि एक संतही. पुढं त्यानं देवाची इच्छा पारखण्याचे नियम लिहिले, त्यात खेचराला जागा दिली नाही. उलट त्यानं सांगितलं की मन खिन्न असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. आणि आपल्याच अडचणीत सापडलेला एखादा अनोळखी माणूस सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगाल, ते स्वतःला सांगा.

तेव्हा समजा, शेजारची बाई सोनं मोडून सव्वा लाख एजंटला द्यायला निघाली आहे. तिला तुम्ही काय विचाराल? एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का? नोंदणी असेल तर त्याला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. मग सव्वा लाख कशाचे? करारपत्र मुलानं वाचलं का? पक्की पावती मिळणार का? ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर एजंटची नोंद बघता येते. ती बघणं म्हणजे अविश्वास, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. चौकशी करताना प्रार्थना करा, आणि चौकशीत जे निघेल त्यालाही उत्तर म्हणायची तयारी ठेवा.

प्रश्न : मी नर्स आहे, वय चोवीस. आमच्या प्रार्थना-गटातल्या एका वडीलधाऱ्या बंधूंना दर्शन झालं की माझं लग्न त्यांच्या पुतण्याशी व्हावं अशी प्रभूची इच्छा आहे. मला ते पटत नाही. नकार दिला तर ती देवाची आज्ञा मोडणं होईल, असं आई म्हणते.

उत्तर : मुली, दर्शन काकाला झालं, पुतण्या काकाचा, आणि संसार मात्र तू करायचा! पहिल्या राजांच्या तेराव्या अध्यायात बेथेलचा एक म्हातारा संदेष्टा आहे. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला स्पष्ट हुकूम होता की इथं अन्नपाणी घेऊ नकोस. म्हातारा म्हणाला, मलाही देवदूतानं सांगितलंय, चल जेवायला. ते खोटं होतं. पाहुण्यानं वडीलकीचा मान राखला, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहानं त्याला मारलं. शास्त्र त्या पाहुण्याची कीव करून थांबत नाही, दोष त्याच्याही पदरात घालतं.

आणि बंधूंचं दर्शन अगदी खरं धरलं, तरी काय? कैसरियात अगब नावाच्या संदेष्ट्यानं पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधले आणि यरुशलेमेत पौलाला असंच बांधतील असं सांगितलं. भविष्य खरं ठरलं. सगळे रडून विनवत होते, जाऊ नकोस. पौल तरी गेला. कुणीही त्याला आज्ञाभंग केला म्हणून बोल लावला नाही.

आपल्याकडचं उदाहरण घे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधल्या वर्षांत विरह, उपासमार, नातलगांचं रडणं सगळं झालं, पण नवऱ्याला दिसलेला उजेड त्यांनी उसना घेतला नाही. स्वतःला दिसला तेव्हाच त्या उठल्या. आईला लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचायला दे. बंधूंना नम्रपणे, पण एका वाक्यात नकार कळव. कारणं देत बसलीस तर त्यांना पुन्हा दर्शन होईल.

प्रश्न : तुमची उत्तरं वाचून वाटतं, सगळं अक्कलहुशारीनंच करायचं. मग विश्वासाला जागा कुठं? नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय तर आपल्या बुद्धीवर विसंबू नको असंच शिकवतो.

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. यिर्मयाचा बेचाळिसावा अध्याय काढा. यरुशलेम पडलंय, बाबेलच्या राजानं नेमलेला अधिकारी गदल्या याचा खून झालाय. मागं उरलेल्यांना सूडाची भीती आहे. ते यिर्मयाकडे येऊन म्हणतात, परमेश्वराला विचार. तो बरं सांगो की वाईट, आम्ही ऐकू. दहा दिवसांनी उत्तर येतं : इथंच राहा, मिसरात जाऊ नका. त्यावर ते काय म्हणतात? तू खोटं बोलतोस, तुझा लेखनिक बारूख यानं तुला फितवलंय. आणि यिर्मयालाही ओढून मिसरात नेतात.

मागच्या अध्यायाचा शेवट वाचला की उलगडा होतो. ही मंडळी विचारायला आली तेव्हा बेथलेहेमाजवळ मुक्काम ठोकून होती, मिसरच्या वाटेवर. बिऱ्हाड बांधून झालं होतं, फक्त आशीर्वाद हवा होता.

इथं त्यांची बुद्धी चुकीची नव्हती, हे लक्षात घ्या. सूड येईल हा अंदाज कोणीही शहाण्या माणसानं बांधला असता. म्हणजे शहाणपण आणि देवाचा शब्द खरोखर समोरासमोर येतात, असे प्रसंग आहेतच. तेव्हा सांगणारा कोण, हे बघावं लागतं. यिर्मया चाळीसेक वर्षं बोलत होता, त्याचा शब्द शहर पडण्यापर्यंत खरा ठरला होता, आणि बोलण्यातून त्याला मिळाली ती मारहाण आणि चिखलाची विहीर. असा माणूस मिळाला तर बिऱ्हाड सोडावं.

पण मला पत्रं येतात त्यांत वेगळंच दिसतं. जे शास्त्रात सांगितलेलं नाही, त्यासाठी लोक रात्रभर जागतात : गाडी कोणती घ्यावी, बदली कुठं मागावी. जे स्वच्छ सांगितलंय, तिथं मात्र स्वतःची बुद्धी चालवतात. बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची आहे, तिला जमिनीचा खरा भाव सांगितलेला नाही. ‘तिला गोडीगुलाबीनं समजावू, तिचं सासर खाऊनपिऊन सुखी आहे’ हे जे डोक्यात चालतं, तीच नीतिसूत्रातली बुद्धी. तिथं चिठ्ठी कोणी टाकत नाही, कारण उत्तर ठाऊक असतं.

प्रश्न : उपवास-सभेत हात ठेवून प्रार्थना झाल्यापासून मी मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. पुन्हा सुरू केल्या तर विश्वास कमी पडला असं होईल का?

उत्तर : नाही. हिज्कीया राजाला परमेश्वरानं पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून दिलं, तरी यशयानं त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला लावलंच. लूक वैद्य होता, आणि पौलानं तीमथ्याला पोटासाठी द्राक्षारस थोडा घ्यायला सांगितला, पोटावर हात ठेवून सोडून दिलं नाही. आजच डॉक्टरांना फोन करा, किती दिवस गोळ्या बंद होत्या ते न लपवता सांगा, आणि ते म्हणतील तशी साखर तपासून घ्या.