निरोगी देहात रोग शोधावा काय?

रोग झाल्यावर वैद्याकडे जावे, हे कोणासही समजते. परंतु देहास काहीही दुखणे नसता रोगाचा शोध घेत जावे काय, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नसून नीतीचाही आहे. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या तपासणीवरून आम्ही तो सभासद कुटुंबांपुढे मांडीत आहोत.

हा कर्करोग बहुधा आतड्याच्या अस्तरावरील लहान गाठींतून उद्भवतो व त्यास पुष्कळदा दहा वर्षे वा अधिक काळ लागतो. त्या अवधीत दुर्बिणीने गाठ दिसली, तर ती तेथेच काढता येते. शौचातील डोळ्यांस न दिसणारे रक्त तपासण्याची सोपी रीतही आहे. लाभ खरा आहे, यात संशय नाही.

तथापि तो किती, हेही पाहिले पाहिजे. पोलंड, नॉर्वे व स्वीडन येथील ५५ ते ६४ वर्षे वयाच्या सुमारे ८५ हजार लोकांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना दुर्बिणीच्या तपासणीस बोलाविले, त्यांच्यात दहा वर्षांत दर दहा हजारांमागे ९८ जणांस हा रोग झाला. न बोलाविलेल्यांत १२० जणांस. म्हणजे एकाचा रोग टाळण्यासाठी ४५५ जणांना बोलवावे लागले. मृत्यूंतील फरक इतका अल्प होता की तो योगायोगही असू शकेल. बोलाविलेल्यांपैकी ४२ टक्केच आले. आलेल्यांपुरता हिशेब केल्यास लाभ अधिक दिसतो.

दुसऱ्या पारड्यात रेचक घेण्याचा त्रास, क्वचित रक्तस्राव, त्याहून क्वचित आतड्यास पडणारे छिद्र, आणि जी गाठ जन्मभर निरुपद्रवी राहिली असती तिची चिंता. ज्याचा रोग टळला त्याला ते कधीच कळत नाही. ज्याला इजा झाली त्याला ती तत्काळ कळते. आपण या दोहोंपैकी कोण ठरू, हे आधी कोणीच सांगू शकत नाही.

म्हणूनच आमच्या मते येथे पहिले कर्तव्य सत्यकथनाचे आहे. वडीलधाऱ्यांना भीती घालून तपासणीस नेणे हे प्रेमाचे लक्षण नव्हे. लाजेपोटी विषयच टाळणे हाही विवेक नव्हे. लाभ व धोका दोन्ही सांगावे आणि निर्णय ज्याचा देह त्याच्यावर सोपवावा. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने २०२१ साली ४५ ते ७५ या वयात ही तपासणी करावी असे सुचविले. त्यापुढे ८५ पर्यंत व्यक्ती पाहून ठरवावे, असे म्हटले. अतिवृद्धास दहा वर्षांनी मिळणाऱ्या लाभासाठी आजचे कष्ट देताना दहादा विचार करावा, हे उघड आहे. आपल्याकडे या रोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांहून कमी आहे, हेही ध्यानी घ्यावे.

मात्र शौचातून रक्त जाणे, शौचाची सवय अकारण पालटणे, वजन घटणे, अथवा आईवडील वा भावंडांत हा रोग झालेला असणे, अशा स्थितीत वरील तोलमाप लागू नाही. तेथे ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसणे हा आपल्या माणसांवर अन्याय होय. संकोच न करता त्वरित डॉक्टरांस दाखवावे, आणि घरच्यांनीही तो विषय बोलण्याजोगा करावा, एवढीच आमची विनंती.