“म्हणे” हा शब्द गाळूं नये

वाईट कृत्य करणाऱ्यास दोष लागतो, हें सर्वांस मान्य आहे. परंतु खोटी वार्ता खरी मानणें हाहि दोष आहे काय? “लोकांनीं सांगितलें, म्हणून मीं विश्वास ठेविला,” असें म्हणून मनुष्य सुटतो काय? मोखाडा व जव्हार येथील वाचकांनीं ह्याचा विशेष विचार करावा, कारण हा प्रश्न आपल्याच पालघर जिल्ह्यांत उभा राहिला आहे.

सन 2020 च्या एप्रिल महिन्यांत, टाळेबंदीच्या काळीं, मुलें पळविणारे व शरीरांतील अवयव काढून नेणारे चोर रात्रीं हिंडतात, अशी अफवा ह्या भागांत मोबाईलवरून पसरली. गांवकरी पहारा करूं लागले. ता. 16 रोजीं रात्रीं डहाणू तालुक्यांतील गडचिंचले येथें, गुरूच्या अंत्यविधीसाठीं सुरतेस चाललेले दोन साधु व त्यांचा मोटारचालक ह्यांस, पोलीस हजर असतांहि, जमावानें ठार मारिलें.

त्यानंतर दुसरें असत्य निघालें. चौकशी पुरी होण्यापूर्वींच कित्येकांनीं ह्या हत्येस धर्माचा रंग दिला. कोणी मुसलमानांकडे बोट दाखविलें, तर कोणी ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे. ता. 22 रोजीं गृहमंत्री अनिल देशमुख ह्यांनीं पकडलेल्या 101 जणांची यादी प्रसिद्ध करून तींत एकहि मुसलमान नाहीं असें सांगितलें. जुलै महिन्यांत गुन्हे अन्वेषण विभागानें दोषारोपपत्र दाखल केलें, त्यांतहि अफवा हेंच कारण दिलें.

आतां पाहा, दोन्ही असत्यांची रीत एकच. ऐकीव गोष्ट सांगतांना प्रामाणिक गांवकरी “म्हणे” हा शब्द जोडतो. वार्ता तोंडोतोंडीं फिरतां फिरतां हा लहानसा शब्द गळून पडतो, आणि तर्क साक्ष होऊन बसतो. वृत्त देणारा कधीं कधीं प्रश्नाचें रूप घेतो: “ह्यामागें अमुक लोक तर नाहींत ना?” प्रश्नास पुरावा लागत नाहीं, पण संशय मात्र मनांत रुजतो. कधीं जें आपल्या पक्षास अडचणीचें तें तो गाळतो.

दुसऱ्याचें मन वळविणें हें पाप नव्हे. परंतु सरळ मनुष्य आपलीं कारणें उघड मांडतो, स्वतःविरुद्ध जाणारी गोष्टहि सांगतो, आणि ऐकणारास विचार करावयास वेळ देतो. कपटी मनुष्य भय घालतो व घाई करितो. हा नियम वर्तमानपत्रास, पुढाऱ्यास आणि आम्हां उपदेशकांसहि सारखाच लागू आहे.

तर विश्वास ठेवणारा निर्दोष आहे काय? ज्यास विचारण्याची संधि नव्हती, तो असेल. पण जेथें विचारतां आलें असतें, तेथें न विचारणें हें आपलें स्वतःचें कृत्य होय. त्या मोटारींतील माणसें विचारलें असतें तर उत्तर देऊं शकलीं असतीं.

म्हणून बंधुभगिनींनो, वार्ता आली कीं विचारा: हें कोणीं पाहिलें? दुसरी बाजू काय म्हणते? जी वार्ता आपल्या लोकांस थोर व परक्यांस दुष्ट ठरविते, ती तर दुप्पट तपासा. आणि जी तपासतां येत नाहीं, ती पुढें सांगूं नका. सांगणें भागच पडलें, तर “म्हणे” हा शब्द तिच्यासोबत राहूं द्या.