मातीच्या शत्रूचा चेहरा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. धाराशिव जिल्ह्यातील (तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील) ज्या तालुक्याच्या गावी आम्ही धर्मगुरू म्हणून सेवा करीत होतो, तेथे चर्चच्या आवारात दिवाळीच्या सुट्टीत मुले किल्ला बांधीत. वसतिगृहातील आमची मुले आणि गल्लीतील सर्व जातिधर्मांची मुले त्यात एकत्र असत. विटांचे तुकडे, दगड, चिखलात बुडवून वर पसरलेले जुने पोते, त्यावर पेरलेली मोहरी आणि अळीव. चार-सहा दिवसांत गडावर हिरवळ उगवे. मग बाजारातून आणलेली चित्रे मांडली जात. सिंहासनावर महाराज, तटावर मावळे, पायथ्याशी तोफा आणि उतारावरून डोक्यावर घागर घेऊन निघालेली गवळण.

त्या वर्षी मुलांना वाटले, की नुसते मावळे काय कामाचे? समोर शत्रू हवा. एका कुंभाराकडे न रंगवलेले पाच पांढरे शिपाई मिळाले. ते रंगवण्याचे काम साहजिकच ज्याचा हात सर्वांत चांगला, त्याच्याकडे आले. तो एका गवंड्याचा मुलगा, मुसलमान, वय असेल अकरा-बारा. गडाचे सर्व बुरूज त्यानेच बापाच्या थापीने बांधले होते. तो शिपाई हातात घेऊन आमच्या कार्यालयाच्या दाराशी आला आणि त्याने विचारले, "फादर, शत्रूचं तोंड कसं रंगवायचं?"

आम्ही हिशेबाच्या वहीत होतो. मान वर न करता म्हणालो, "अरे, शत्रूच तो! चांगला भयंकर रंगव."

त्याने तसे रंगवले. लाल डोळे, वाकड्या भुवया, दाट काळी दाढी, ओठांबाहेर आलेले दात. मुलांनी टाळ्या पिटल्या. आम्हीही कौतुक केले, हे लपवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी गडावर पणत्या लागल्या तेव्हा कोणीतरी एक शिपाई उचलून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाले, "हा तर तुझा चाचा!" सगळे हसले. तोही हसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचही शिपाई जागेवर होते, पण त्यांच्या तोंडावर चुना फासलेला होता. डोळे नाहीत, दाढी नाही, काही नाही. दिवाळी संपेपर्यंत तो मुलगा आवारात आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो; त्याच्या वडिलांनी चहा दिला, पावसाविषयी बोलणे झाले आणि आम्ही परत आलो.

त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशी राहिला. वरवर तो रंगकामाचा प्रश्न होता, पण तो आम्हांस नीतिशास्त्राचा वाटू लागला, आणि गुरुमठात शिकलेल्या नीतिशास्त्रात त्याचे तयार उत्तर आम्हांला सापडले नाही. खेळाविषयी संत थॉमस अक्वायनस उदार आहेत. सतत ताणलेले धनुष्य मोडते, तसे मनही विश्रांतीवाचून मोडते, म्हणून योग्य खेळ हा सद्गुणाचाच भाग आहे, असे ते मानतात. पण खेळातील शत्रू कसा असावा, हे त्यांनी सांगितलेले नाही.

पुढे आमच्या बहिणीचा मुलगा पुण्याहून सुट्टीला आला. तो संगणकाच्या व्यवसायात आहे. त्याच्या पेटीत आम्हांस इंच-सव्वा इंच उंचीचे शेकडो शिपाई दिसले. काही माणसे, काही हिरव्या कातडीचे राक्षस, काही हाडांचे सापळे. इंग्लंडात १९८३ साली सुरू झालेल्या 'वॉरहॅमर' नावाच्या पटाबाहेरच्या युद्धखेळाची ही सेना. तीस वर्षांचा इंजिनियर बाहुल्यांशी खेळतो, याचे आम्हांस प्रथम हसू आले. पण त्याला काम करताना पाहिले आणि हसू ओसरले. प्लास्टिकच्या चौकटीत हात, पाय, धड, शस्त्र असे सुटे भाग अडकवलेले असतात. ते लहान पकडीने तोडायचे. साच्याचे दोन भाग जेथे मिळतात तेथे एक बारीक रेघ उमटते. ती पात्याने खरवडून काढायची. मग जोडणी, मग अस्तराचा रंग, मग अंगाचा मूळ रंग. त्यावर पातळ काळसर रंगाचा हात दिला की तो वळ्यांत आणि खाचांत उतरतो आणि सावली तयार होते. नंतर जवळजवळ कोरडा कुंचला उंचवट्यांवरून फिरवायचा, म्हणजे उजेड येतो. डोळे रंगवताना तो श्वास रोखून धरी. एका राक्षसाच्या दोन डोळ्यांपायी त्याने एक अख्खी संध्याकाळ घालवली.

आम्ही विचारले, "पण हा तर मारायचाच ना?"

"हो मामा," तो म्हणाला. "पण रंगवताना तो शत्रू नसतो. याच्या गालावरचा व्रण मला पाठ आहे. तो पटावर पडला की वाईट वाटतं."

आम्हांस वाटले, उत्तर मिळाले. ज्याने शत्रूचे तोंड स्वतःच्या हाताने, वेळ देऊन घडवले, तो त्याला सहजासहजी तुच्छ लेखू शकत नाही. तयार विकत घेतलेला शत्रू तेवढा घातक. हे उत्तर आम्ही काही महिने बाळगले, एका प्रवचनातही वापरले. परंतु ते टिकले नाही.

ते ढासळले ते तेर येथे. तेर आमच्याच जिल्ह्यातील तेरणाकाठचे गाव, प्राचीन ग्रीक लेखकांचे तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकालीन मातीच्या लहान मूर्ती आहेत. त्यांतील अनेक दोन साच्यांतून काढलेल्या आहेत. पुढचा अर्धा, मागचा अर्धा, मध्ये जोड आणि आत पोकळ. भाच्याच्या राक्षसांची रीत अगदी हीच! दोन हजार वर्षांपूर्वी या गावात कोणीतरी बसून तीच जोडरेघ घासून काढीत होते, या विचाराने आम्ही हरखलो. पण तेर हे संत गोरोबाकाकांचेही गाव. त्यांची कथा मराठी माणसाला सांगायला नको. माती तुडवताना ते नामात इतके रंगले, की आपले रांगते मूल पायाखाली आल्याचे त्यांना कळले नाही. भक्तीची परिसीमा म्हणून ही कथा सांगितली जाते आणि तिचा शेवट कृपेत होतो, मूल परत मिळते. आम्ही समाधिमंदिरातून बाहेर आलो, ते एका वेगळ्याच धास्तीने. हात मातीत आणि मन तल्लीन असले म्हणून डोळ्यांना समोरचे दिसतेच असे नाही. संतालाही दिसले नाही. मग आमच्या त्या गवंड्याच्या मुलाने तर डोळे, दाढी, दात किती मन लावून रंगवले होते! त्याच्या तल्लीनतेने त्याला वाचवले नाही.

हस्तकौशल्याने द्वेष नाहीसा होत नाही. कधी कधी तो अधिक देखणा होतो. याचा पुरावा शोधायला आम्हांस दूर जावे लागत नाही, तो आमच्याच घरात आहे. युरोपातील ख्रिस्ती चित्रकारांनी शतकानुशतके प्रभूच्या दुःखसहनाची चित्रे काढली. त्यांत ख्रिस्ताचे मुख, मातेचे मुख कोमल, आणि निंदा करणाऱ्या यहुदी जमावाची तोंडे कित्येकदा मुद्दाम विद्रूप. जणू ख्रिस्त, त्याची माता आणि प्रेषित हे यहुदी नव्हतेच! त्या चित्रकारांचे कुंचले बारीक होते, त्यांच्या प्रार्थनाही खऱ्या असतील. त्या चित्रांपुढे गुडघे टेकून वाढलेल्या लोकांनी शेजारच्या यहुद्यांचे काय केले, ते इतिहासात आहे. ख्रिस्तसभेने १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 'नोस्त्रा एताते' या घोषणापत्राने तो दोषारोप स्पष्टपणे नाकारला. भिंतीवरची तोंडे त्याआधीच आपले काम करून चुकली होती.

भाच्याच्या राक्षसांचे काय? तो म्हणतो, ते माणसेच नाहीत, म्हणून कोणाचा अपमान होत नाही. हा युक्तिवाद दिसतो त्याहून बिकट आहे. अशा कल्पनासृष्टीचे एक मोठे जनक जे. आर. आर. टॉल्किन हे श्रद्धावान कॅथलिक होते. त्यांच्या कादंबरीत 'ऑर्क' नावाची दुष्ट जमात आहे, तिला वीर निःसंकोच कापून काढतात. पण दुष्टाला निर्मिती करता येत नाही, तो केवळ बिघडवू शकतो, ही टॉल्किन यांची ख्रिस्ती धारणा. मग ऑर्क मुळात कोण, आणि त्यांना उद्धार आहे की नाही? १९५४ साली एका कॅथलिक वाचकाला लिहिलेल्या पत्राच्या मसुद्यात ते त्यांना उद्धारापलीकडचे म्हणण्याच्या अगदी काठावर येतात आणि मागे फिरतात. हा प्रश्न त्यांना पुढेही छळत राहिला. स्वतः रचलेल्या राक्षसाविषयीही त्यांना हिशेब मिटवता आला नाही, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या सर्व युद्धवर्णनांपेक्षा मोठी वाटते.

आपल्या पूर्वजांनी हा गुंता फार साधेपणाने सोडवला होता, असे आम्हांस वाटते. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही सैन्ये सारखीच. काळा राजा पांढऱ्या राजासारखाच, प्यादे प्याद्यासारखे. फरक केवळ रंगाचा, आणि पुढच्या डावात तोही बदलतो. (म्हणून बुद्धिबळ खेळणारे लढाया करीत नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यांच्या शिपायांच्या लढाईचे नियम छापले आणि खऱ्या युद्धापेक्षा हे किती बरे, असे सुचवले. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले.)

आता आमच्या किल्ल्याकडे येऊ. १६५९ साली अफजलखानाची स्वारी तुळजापुरावरून गेली, असे बखरीत आहे, आणि तुळजापूर आमच्या जिल्ह्यात आहे. तेथील जखमेची आठवण आम्ही हलकी लेखत नाही. पण खानाच्या बाजूचे शिपाई दिसत कसे? त्याचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण. त्याच्या फौजेत मराठे सरदार होते, भोसले कुळातील मंबाजीही होता. आणि महाराजांच्या पायदळाचा सरनोबत नूरखान बेग होता. प्रतापगडाच्या भेटीस त्यांच्याबरोबर सिद्दी इब्राहीम होता. तेव्हा शत्रूचे तोंड मावळ्याच्या तोंडासारखेच रंगवायला हवे, हे इतिहासाला धरून खरे उत्तर आहे. वहीतून मान वर केली असती, तर ते आम्हांस त्या दिवशीही देता आले असते.

आणि आमच्या जिल्ह्याला हे उत्तर ठाऊक असण्याचे दुसरेही कारण आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले, तेव्हा पहिली लढत नळदुर्गला झाली. त्याआधी रझाकारांनी गावोगाव जे केले ते जुनी माणसे सांगत. त्यानंतर ज्यांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता अशा मुसलमान कुटुंबांवर जे गुदरले, ते सांगताना तीच माणसे आवाज खाली आणीत. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घेतले; तो अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. दोन्ही वेळा मारणाऱ्याला समोरच्याचे स्वतःचे तोंड दिसत नव्हते. त्यावर आधीच कोणीतरी एक भयंकर तोंड रंगवून ठेवले होते. कोणी, हे आम्ही विचारले की आम्हांस आमचीच हिशेबाची वही आठवते.

म्हणून मुलांनी लढाया खेळू नयेत, असे आम्ही म्हणणार नाही. किल्ला बांधू द्यावा, तोफा मांडू द्याव्यात. भाचा अजूनही राक्षस रंगवतो आणि आम्ही अजूनही त्याच्याशी वाद घालतो.

गेल्या नाताळाच्या आधी गव्हाणीची भिंत गिलाव्याला आली होती. काम करायला तो गवंड्याचा मुलगा आला. आता तो स्वतःच गवंडी आहे, दोन मुलांचा बाप. दुपारी जेवणानंतर त्याने आपणहून विचारले, "फादर, ते शिपाई आहेत का हो अजून?" ते आम्ही बदली होऊन येताना बरोबर आणले होते. कपाटातून काढून दिले. पाचांतले चार उरले आहेत. त्याने एकेक उचलून उजेडात फिरवला, चुना फासलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि कानामागची जोडरेघ नखाने चाचपली.

"ही घासायची राहिलीच होती तेव्हा," तो म्हणाला. "पॉलिशपेपर आहे का?"

पॉलिशपेपर त्याच्याच पिशवीत सापडला. रंग मात्र घरात नव्हते. ते आणायला आम्ही बाजारात गेलो.