फोडणीच्या आधीचा वाटा

गडहिंग्लज

चि. बाळ,


तुझं पत्र मिळालं. पिशवीतलं खाद्य दर महिन्याला परवडायचं नाही असं बाबा म्हणतात, घरचं खाऊन पिल्लू पोसत नाही असं दुकानदार म्हणतो, मग टिप्याला घालू तरी काय, असं तू विचारलं आहेस. दोघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं खरं आहे. माझी सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यांत गेली. म्हशी-बैलांच्या रांगेत कुत्रं कडेवर घेऊन आलेली माणसंही हेच विचारायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या भागात कुत्री भाकरीवर वाढली, हे खोटं नाही. धनगरांच्या कळपामागची कुत्री, सीमेपलीकडच्या मुधोळची ती उंच, सडपातळ शिकारी कुत्री, ज्यांचं चित्र २००५ साली टपाल तिकिटावर आलं, सगळी ज्वारी-मक्याच्या भाकरीवर आणि ताक-दुधावर राहिली. शास्त्राचाही याला आधार आहे. २०१३ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं ताडून पाहिली. पिठूळ पदार्थ पचवणारं जे जनुक आहे, त्याच्या लांडग्यात दोनच प्रती असतात. कुत्र्यात त्या चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या शेतीच्या कडेला राहून कुत्रं धान्य पचवायला शिकलं. त्यामुळे ‘धान्यविरहित’ असं लिहिलेली महागडी पिशवी घ्यायचं काही कारण नाही. उलट डाळी-वाटाण्यांवर भर असलेल्या अशा काही खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ साली सुरू केली होती.

पण धनगराचं कुत्रं नुसत्या भाकरीवर कधीच नव्हतं. ते दिवसभर रानात असे. उंदीर, घूस, सरडा मारून खाई, मेंढी व्याली की वार खाई, मेलेल्या जनावराची हाडं फोडी. भाकरीत जे नसतं ते त्याला रानात मिळे. तुझा टिप्या साखळीला किंवा गॅलरीत असणार. तू ताटलीत जे ठेवशील त्याच्याबाहेर त्याला एक घासही मिळायचा नाही. म्हणून ‘आजोबांच्या वेळी चालत होतं’ हा हिशेब त्याला लागू पडत नाही. घरचं अन्न त्याला चालेल, मात्र ते त्याच्यासाठी म्हणून शिजवलेलं हवं. आपल्या ताटात उरलेलं त्याला पुरत नाही, आणि कोल्हापूरकडच्या घरात तर ते धोक्याचंही आहे.

धोका कसला, तो आधी सांगतो, कारण तुझ्या घरी परवा रविवारी हेच होणार आहे. मटणाचा रस्सा उरेल, त्यात भाकरी कुस्करून कोणीतरी प्रेमाने त्याच्यापुढे ठेवील. आपल्या रश्शाचा जीव कांदा-लसूण चटणीत असतो, आणि कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. पाच किलोच्या पिल्लाला पाऊणशे ग्रॅम कांदा, म्हणजे एक मध्यम कांदा, एवढ्यानेही त्रास होऊ शकतो. शिजवून, तळून, वाळवून त्याचं विष कमी होत नाही. वाळवलेल्या चटणीत तर ते एकवटलेलं असतं. शिवाय परिणाम त्याच दिवशी दिसत नाही. तीन-चार दिवसांनी कुत्रं मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते, आणि तोवर रविवारचा रस्सा कोणाच्या लक्षात नसतो. म्हणून घरातल्या सगळ्यांना एकच नियम सांग: टिप्याचा वाटा फोडणी पडायच्या आधी बाजूला काढायचा. डाळ शिजली की त्याची वाटी काढा, मांस नुसतं उकडलं की त्याचे तुकडे काढा, मग तुमचं तिखट-मीठ चालू द्या. वेगळा स्वयंपाक करायला नको, वेगळा गॅस जाळायला नको. घरचं अन्न स्वस्त पडतं ते यामुळेच.

चिंचेच्या आमटीलाही हेच लागू आहे. द्राक्षं आणि तासगावचे बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. त्याचं कारण त्यांतलं टार्टारिक आम्ल असावं असं आता मानतात, आणि चिंचेत ते भरपूर असतं. चॉकलेट, चहा, कॉफी वर्ज्य. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये पुष्कळदा झायलिटॉल नावाचा गोड पदार्थ असतो, तो तर थोडासुद्धा घातक. शिजलेलं हाड कधीही देऊ नकोस. ते टोकदार चिरफाळतं आणि आतड्यात रुततं.

आता शेंगदाण्याविषयी. आपलं गाव शेंगांचं. घरात पोतं असतं, पेंड असते, आणि ‘एवढी पौष्टिक पेंड कुत्र्याला का नको’ असं कोणीतरी म्हणणारच. चांगले भाजलेले चार दाणे दिल्याने काही बिघडत नाही. पण काढणीच्या वेळी पाऊस लागला, शेंग ओली राहिली, की तिच्यावर एक बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. जगाला या विषाचा पत्ता लागला तोच शेंगदाण्याच्या पेंडीमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले आणि त्याचा माग ब्राझीलहून आलेल्या पेंडीपाशी पोचला. कुत्र्याचं यकृत या विषापुढे फार नाजूक. अमेरिकेत २००५ साली बुरशीच्या मक्यापासून बनलेल्या खाद्याने शंभराहून अधिक कुत्री दगावली. हे विष उकळून जात नाही, आणि विषारी दाणा दर वेळी काळा दिसतोच असंही नाही. म्हणून गुरांची पेंड टिप्याला नको, खवट दाणे नकोत. पावसाळ्यात उघड्या पोत्यातून सुटं विकतात ते कुत्र्यांचं खाद्यही नको, कितीही स्वस्त मिळालं तरी. लहान का होईना, बंद पिशवी घे आणि फोडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेव.

मग पिशवी घ्यायची की नाही? माझं मत सांगतो. पहिलं वर्ष घे, पुढे घरचं घाल. वाढत्या पिल्लाला कॅल्शियम आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात लागतात. नुसतं मांस-भात खाणाऱ्या पिल्लाला फॉस्फरस मुबलक मिळतं आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मग शरीर स्वतःच्या हाडांतून ते ओढून घेतं आणि पाय वाकतात. असे वाकलेले पाय मी पुष्कळ पाहिले आहेत. ती बहुतेक लाडाची कुत्री होती, रोज चिकन खाणारी. हे प्रमाण घरात अचूक साधणं कठीण. पिल्लू लहान आहे तोवर त्याला खाद्यही थोडंच लागतं, तेव्हा हा खर्च याच वर्षी करावा. पिशवीवर ‘पप्पी’ आणि ‘कम्प्लीट’ हे दोन्ही शब्द हवेत, प्रथिनं निदान साडेबावीस टक्के हवीत. रंगीत चित्रं आणि परदेशी नाव यांचे पैसे देऊ नकोस. भाव किलोवर ताडू नकोस. मागे रोजचे ग्रॅम दिलेले असतात, त्यावरून एका दिवसाचा खर्च काढ आणि मग दोन पिशव्या ताडून बघ. दुकानदार सोबत कॅल्शियमची बाटली काढून देईल, ती परत कर. संपूर्ण खाद्यावर वरून कॅल्शियम घालणं वाढत्या हाडांना उलट अपाय करतं. त्या पैशांत महिन्याची अंडी येतात.

टिप्या गावठी आहे, वर्षाचा झाला की पंधरा किलोच्या आसपास भरेल. त्याला दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरी लागतील. शंभर ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी किंवा तेवढ्याच तांदळाचा भात, दीडशे ग्रॅम चिकन, एक उकडलेलं अंडं, मूठभर डाळ मऊ शिजवून, थोडा लाल भोपळा किंवा गाजर, दोन चमचे करडईचं तेल. एवढ्यात तो हिशेब बसतो. हे दोन वेळांत विभागून द्यायचं. चिकनवाल्याकडे पेटा आणि माना स्वस्तात मिळतात. माना कुकरमध्ये उकडून हाडं निवडून टाक, मांस आणि पाणी ठेव. काळीज आठवड्यातून एक-दोनदा थोडंसं पुरे, रोज नको, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं. आणि अंड्याची टरफलं फेकू नकोस. धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरमध्ये अगदी पिठासारखी बारीक कर. अर्धा चमचा पुडीत सुमारे एक ग्रॅम कॅल्शियम असतं, आणि वरच्या जेवणाला नेमकं तेवढंच कमी पडतं. जस्त, ड जीवनसत्त्व अशा काही गोष्टी मात्र यातून पुरेशा मिळत नाहीत. त्यासाठी दवाखान्यात डॉक्टरांना विचारून खनिज मिश्रण घे. ते महाग नसतं.

श्रावणात तुझ्या आजीच्या स्वयंपाकघरात अंडंही शिजत नाही, ते मला ठाऊक आहे. तो महिना सोयाबीनच्या वड्या, डाळ, दही आणि थोडं पनीर यांवर नीट निघतो. सोयाबीनच्या वड्यांत निम्मं वजन प्रथिनांचं असतं आणि त्या चिकनपेक्षा स्वस्त पडतात. भिजवून, पाणी पिळून, पुन्हा शिजवून दे. दुधाने जुलाब झाले तर दूध बंद कर, दही-ताक बहुतेकांना सोसतं. आणि दाराशी आला की दोन बिस्किटं टाकायची सवय घरात लागली असेल तर ती मोड. ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्यामागे वाचून बघ, साखर किती आणि प्रथिनं किती ते. रोजचा अर्धा पुडा खाऊन पोट भरलेलं कुत्रं भाकरीला तोंड लावत नाही आणि लोक म्हणतात, त्याला घरचं आवडत नाही.

खाटकाकडची कच्ची आतडी, फुफ्फुसं, काळीज कोणी फुकट दिलं तरी कच्चं घालू नकोस. मेंढ्या-शेळ्यांच्या अवयवांत एका फीतकृमीच्या गाठी असू शकतात. त्या खाल्ल्या की कृमी कुत्र्याच्या पोटात वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुफ्फुसात पाण्याच्या गाठी धरतात. तू टिप्याला तोंड चाटू देतेस असं तुझी आई लिहिते. म्हणून सगळं उकळूनच, आणि जंताचं औषध वेळच्या वेळी.

अन्न बदलशील तेव्हा एकदम बदलू नकोस. आठवडाभरात जुनं कमी, नवं जास्त असं करत ने. पुरतं आहे की नाही हे वाडग्याकडे बघून कळत नाही, बरगड्यांवरून हात फिरवून कळतं. बोटांना लागायला हव्यात, डोळ्यांना दिसायला नकोत. दर पंधरवड्याला त्याला उचलून काट्यावर उभी राहा, मग एकटीचं वजन वजा कर आणि वहीत लिही. पुढच्या पत्रात ते आकडे आणि खाद्याच्या पिशवीच्या मागचा मजकूर उतरवून पाठव. किती ग्रॅम द्यायचे ते मी इथून कळवीन.

आईबाबांना आशीर्वाद. आजीला नमस्कार.

तुझे,
गडहिंग्लजचे आजोबा