भुऱ्याच्या रात्रींसाठी

दत्तगुरू, तुझ्या पायाशी चार कुत्री असतात. ते चार वेद आहेत म्हणतात, असतीलही. मला मात्र तसबिरीत ती कुत्रीच दिसतात, म्हणून हे मागणं तुझ्यापाशी.

उद्या रात्रीच्या गाडीने मी पुण्याहून नागपूरला निघतेय. आईच्या खुब्याचं ऑपरेशन आहे, आणि तिच्या उशाशी बसायला माझ्याशिवाय कुणी नाही. भुऱ्याला बरोबर न्यायचं तर रेल्वेत फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. वैशाखातल्या उकाड्यात, फिट येणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला त्या पेटीत रात्रभर कोंडायला माझा जीव धजावत नाही. कुत्र्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकणार नाही, असं म्हणणारा युधिष्ठिर मला फार मोठा वाटतो. पण देवा, त्याला कुणाच्या ऑपरेशनची तारीख गाठायची नव्हती.

म्हणून भुऱ्या कुत्री सांभाळणाऱ्या ताईंकडे राहील. त्यांच्या घरी पिंजरे नाहीत. कुत्री हॉलमध्ये, पंख्याखाली झोपतात. लसीचं कार्ड पाहिल्याशिवाय आणि एक रात्र ठेवून बघितल्याशिवाय त्या कुणाला घेत नाहीत, तिथेच माझा विश्वास बसला. त्या रात्री भुऱ्या जेवला नाही, दाराकडे तोंड करून बसून राहिला. पहाटे कधीतरी ताईंच्या पलंगाजवळ जाऊन झोपला, असं त्यांनी सांगितलं. देवा, ती पहाट या वेळी जरा लवकर येऊ दे.

त्याची गोळी बारा तासांनी असते, सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. ती चुकली तर फिट येऊ शकते. पेढ्याएवढ्या भाताच्या गोळ्यात दडवून दिली तरी तो कधीकधी भात खातो आणि गोळी जिभेच्या कडेने अलगद बाहेर ठेवतो. ती जमिनीवर पडलेली पांढरी गोळी ताईंच्या नजरेस पडू दे. एवढंच खूप आहे माझ्यासाठी. तुझ्याकडे चमत्कार मागत नाही, एका बाईचं लक्ष शाबूत ठेव म्हणतेय.

फिट आलीच, तर त्यांना धीर दे. त्याच्या तोंडात हात किंवा चमचा घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, जिन्यापासून दूर सरकवावं, पंखा चालू ठेवावा आणि घड्याळाकडे बघावं, हे सगळं मी कागदावर लिहून त्यांच्या फ्रिजला चिकटवलं आहे. पाच मिनिटांच्या वर गेली, तर थेट डॉक्टरांकडे. त्या वेळी, अपरात्र असली तरी, दवाखान्यात कुणीतरी फोन उचलणारं असू दे.

वळवाचे दिवस आहेत. ढग गडगडले की भुऱ्या वाट फुटेल तिकडे पळतो, आणि लग्नसराईत वरातीच्या फटाक्यांचंही तेच. फाटकाची कडी लागलेली असू दे. त्याच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर माझा आणि ताईंचा, असे दोघींचे नंबर आहेत, पण ते वाचायची वेळ कुणावर येऊ नये. कुणी प्रेमाने त्याच्यापुढे बेदाणे घातलेला शिरा ठेवू नये. बेदाणा कुत्र्याला विषासारखा असतो हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

माझी न धुतलेली चादर त्याच्याबरोबर देतेय. ‘आठवड्याने येते’ हे त्याला कळणार नाही. दार लागलं की त्याच्या लेखी मी गेले, एवढंच. मला सगळ्यात जड जातं ते हे. आईला मी फोनवर समजावू शकते, त्याला कसं समजावू? माझ्या वासातून जेवढं कळेल तेवढं त्याला कळू दे. उरलेलं तू सांग, तुला कुत्र्यांची भाषा येत असणार.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव ज्या मायेने धावले, ती माया ताईंच्या हातात राहू दे. त्यांचेही गुडघे दुखतात, देवा. दिवसातून चारदा कुत्री फिरवणाऱ्या त्या गुडघ्यांना बळ दे.

आणि एकदा फोनवर भुऱ्या जेवला असं कळलं, की माझं मन पुण्यातून सोडव. आई शुद्धीवर येईल तेव्हा तिला माझं अर्धं नको, सगळं लक्ष मिळू दे.